उंदराच्या तोंडात न मावणारा ढीग

"मागे घ्या!" तो ओरडला.

"तुम्ही घ्या!" मी ओरडले.

आमच्या शेताकडे येणारा रस्ता जेमतेम एका गाडीचा. त्यावर समोरासमोर उभे ठाकले होते माझा ट्रॅक्टर, मागे साखरबीटाने शिगोशीग भरलेली शेवटची ट्रॉली, आणि त्याचा तो अवाढव्य पिवळा उंदीर.

उंदीर म्हणजे बीट साफ करून ट्रकमध्ये भरणारं यंत्र. ढिगाच्या टोकाला तोंड लावायचं, बीट आत ओढायचं, फिरत्या रुळांवर घोळून माती झाडायची आणि लांब मानेवरून सरळ ट्रकमध्ये ओतायचं. कुरतडत कुरतडत पुढे सरकतो, म्हणून पोलंडमधल्या आमच्या कुयावीत लहानथोर सगळे त्याला उंदीरच म्हणतात.

बारीक भुरभुर चालली होती. त्याने केबिनचं दार उघडून अर्धं अंग बाहेर काढलं. वाळल्या गवतासारखे केस, आणि थंडीने लालबुंद झालेले कान... मी उगाचच त्या कानांकडे दुसऱ्यांदा पाहिलं.

"बाबांना बोलवा घरातून," तो म्हणाला. "भरलेली ट्रॉली मागे घेणं तुमचं काम नाही."

झालं! मी एक शब्द बोलले नाही. आरशात पाहिलं आणि ट्रॉली सरळ रेषेत मागे नेली, थेट शेताच्या तोंडापर्यंत. चर नाही, कुंपण नाही, कशालाही चाक लागलं नाही.

तो शेजारी येऊन थांबला. खाली उतरला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"ट्रॉली तुम्ही मागे घेतलीत," तो म्हणाला, "आता शब्द मी मागे घेतो."

"नाव काय तुमचं?"

"झ्येमोवित. झ्येमेक म्हणतात."

मला हसूच फुटलं. आमच्या भाषेत झ्येम्या म्हणजे माती. "कारखाना प्रत्येक ट्रकमागे मातीचं वजन कापून घेतो, आणि माती काढायला पाठवलंय कुणाला? तर नावातच माती असलेल्या माणसाला!"

"हा विनोद प्रत्येक शेतावर होतो, मालकीणबाई," तो शांतपणे म्हणाला. "पण एका गालावर खळी पाडून आजवर कुणी केला नव्हता."

मी चटकन ढिगाकडे बोट केलं. "तो आमचा ढीग. गुरुवारी आमचा नंबर आहे."

त्याने ढिगाकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. "कुणी रचला?"

"मी."

"रचलाय झकास. पण... जाड झालाय. उंदराचं तोंड आठ मीटरचं. तुमचा ढीग नऊच्या वर आहे. दोन्ही कडांचं बीट खालीच राहणार."

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून पेरणी, निंदणी, काढणी, सगळं मी एकटीने ओढलं होतं. बाबा मात्र वर्षभर एकच पालुपद लावून बसले होते — शेताला पुरुषमाणूस लागतो, बोग्ना. हे बीट कारखान्याने नाकारलं, तर वसंतात शेत शेजारच्या काझ्मेरचाकांना खंडाने जाणार हे ठरलेलं होतं. आणि आज रात्रीपासून कडाक्याची थंडी पडणार होती. ढिगावर पांघरूण होतं, पण एवढ्या गारठ्याला ते कुठलं पुरायला! एकदा गोठून मग वितळलेलं बीट मऊ पडतं, कुजतं, त्याला कुणी हात लावत नाही. गुरुवारपर्यंत माझ्याकडे उरला असता तो निव्वळ लगदा.

हे सगळं मी त्याला सांगून टाकलं. का, ते मलाही ठाऊक नाही. त्याने मध्ये तोंड घातलं नाही, हे मात्र लक्षात राहिलं.

"आत्ता मी याच रस्त्याने पुढे काझ्मेरचाकांकडेच निघालोय," तो म्हणाला. "त्यांचा ढीग दुपारी संपेल. मग उंदीर मोकळा, ट्रकही रांगेत उभेच. फक्त कारखान्याचा हुकूम हवा. आणि तो... मी नाही मिळवू शकत."

"तुम्हाला कोण सांगतंय? फोन मी करते."

कारखान्यात ट्रकांचं वेळापत्रक लावणाऱ्या बाईंनी आधी सरळ नाही म्हटलं. रुंद ढीग, वेळ जाणार, ट्रक खोळंबणार! मी म्हटलं, "बाई, कडांचं बीट उंदराच्या तोंडासमोर ढकलायला मी स्वतः ट्रॅक्टरला फावडं लावून उभी राहते. एक ट्रक जरी खोळंबला, तरी काम तिथेच थांबवा. मी हूं की चूं करणार नाही." पलीकडून आवाज आला, "अंधार पडायच्या आत आटपा."

फोन ठेवला तर झ्येमेक माझ्याकडे बघत उभा. "तुम्ही नेहमी अशाच बोलता?"

"नाही. ट्रॉली मागे घेताना गप्प असते."

दुपारी उंदीर आमच्या ढिगाला भिडला. रस्त्यावर ट्रकांची रांग. मी कडांचं बीट लोटायचं, उंदराने ते गिळायचं, रुळांवरून माती धबाधबा खाली पडायची आणि धुतल्यासारखं बीट ट्रकमध्ये गडगडायचं. झ्येमेक एक बोट उचलायचा — मी थांबायचे. हात हलवायचा — मी पुढे. तासाभरात बोटाचीही गरज उरली नाही. त्याची मान वळली की मला कळायचं... आणि त्याची मान जरा जास्तच वेळा वळत होती.

कामाचं बोलणं रेडिओवर. उंदीर, ट्रक, ट्रॅक्टर, सगळे एकाच वाहिनीवर. आणखी एक संच आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. बाहेर पडता येत नाही म्हणून बाबा दिवसभर त्याला कान लावून बसायचे. हे झ्येमेकला सांगायचं राहूनच गेलं.

"मालकीणबाई," रेडिओ खरखरला, "डावीकडून थोडं अजून. वा! माझ्या आजीलाही इतकं नेटकं वाढता येत नाही."

"गिळा मुकाट्याने."

"झ्येमेक, अरे बाबा," एक ट्रकवाला कळवळला, "तिकडे काय बघतोस? माझा ट्रक भरून सांडतोय!"

त्याची मान झटकन वळली. बाकीचे ट्रकवाले खो-खो हसत होते. मीही हसले, पण बटण सोडून.

आणि तो धीट झाला. "मालकीणबाई, एक सांगू? तुमच्या शेताला ना... एक पुरुषमाणूस हवा. मी अर्ज करावा म्हणतोय."

माझं फावडं जागीच थांबलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! पण तेच वाक्य, बाबांचंच. डोळ्यांत टचकन पाणी आलं, रागाने. मी बटण दाबणार एवढ्यात तिसराच आवाज आला, जड आणि खोकल्याने घोगरा झालेला.

"कोण बोलतंय रे?"

अगदी बारीक आवाजात, "उंदीर बोलतोय... काका."

"हं. तर ऐक, उंदरा. वर्षभर हेच मी बोलत होतो. परक्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं, किती वाईट लागतं." बाबा खोकले. "त्या शेताला मालक आहे. दुपारपासून तिचं काम ऐकतोय मी. काझ्मेरचाकांना सांगून टाकतो, शेत मिळायचं नाही. बोग्ना, ऐकतेस ना?"

"हो, बाबा," मी म्हटलं.

"मग थांबलीस का? अंधारून येतंय!"

शेवटचा ट्रक हलला तेव्हा पश्चिमेला एक तांबूस रेघ तेवढी उरली होती. भुरभुर थांबली होती, आभाळ लख्ख निवळलं होतं आणि चिखलाचा वरचा थर पायाखाली कुरकुरायला लागला होता. ढिगाच्या जागी आता नुसती काळी माती. झ्येमेक उंदरावरून उतरला, टोपी हातात घेऊनच.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "थट्टा केली, पण वाईट केली. शेताला कुणी नको आहे. हवं आहे ते... मला. मला तुम्ही हव्या आहात. सकाळी ट्रॉली चराच्या काठाने मागे जात होती ना, तेव्हापासून."

माझं काळीज इतकं जोरात धडधडत होतं, की उंदीर अजून चालूच आहे असं वाटलं. मला तो आवडला होता. खूप आवडला होता. मग लपवायचं कशाला?

"तुम्ही की तू?" मी विचारलं.

"...तू. तू हवी आहेस, बोग्ना."

"मलाही तू हवा आहेस, झ्येमेक. पण नीट ऐकून ठेव. मी हे शेत सोडून कुठे जाणार नाही. यायचं तर घरजावई होऊन यावं लागेल."

"उंदराला काय," तो हसला, "जिथे बीट तिथे बीळ."

मग तो टोपी हातात फिरवत राहिला. उद्या त्याला दुसरं गाव होतं, परवा तिसरं. हंगाम पार नाताळाच्या तोंडाशी संपणार.

"नाताळच्या आदल्या संध्याकाळी," तो चाचरत म्हणाला, "तुमच्याकडेही एक ताट जास्तीचं मांडतात ना? अचानक दारात येणाऱ्या माणसासाठी. मी... त्या ताटावर आलो तर चालेल?"

"नाही."

त्याचा चेहरा असा पडला, की मला राहवेना. मी पुढे झाले आणि ते गारठलेले लाल कान दोन्ही हातांत धरले.

"ते ताट परक्याचं असतं, वेड्या," मी म्हटलं. "ते रिकामंच राहू दे. तुझं मी वेगळं मांडणार आहे."