मागची बॅटरी भरेना

फुलांनी गच्च भरलेली ती व्हॅन सिग्नलला थांबली, ती पुन्हा सुरूच होईना. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ! कोपऱ्यावरच्या गॅरेजातून मिस्त्रींची लेक पाना टाकून धावली. आत बसलेला तरुण फुलवाला कानापर्यंत लाल झाला होता.

"फुलांचा फ्रीज रात्रभर चालू होता ना?"

"हो... नाहीतर गुलाब माना टाकतात."

"आज बॅटरीनं टाकली," ती हसली.

त्याच दुपारी तिनं व्हॅनमध्ये दुसरी बॅटरी बसवली. "पुढची गाडी सुरू करायला, मागची फ्रीजला. इंजिन चालू असलं की हा रिले दोघींना जोडतो, दोघी भरतात. इंजिन बंद केलं की तोडतो. मग मागची रिकामी झाली तरी पुढचीला धक्का नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. पाहत मात्र होता तिच्या गालावरच्या ग्रीसच्या डागाकडे.

दुसऱ्या दिवसापासून त्याची व्हॅन गॅरेजसमोरच उभी राहू लागली. येता-जाता एक नजर, एक हसू... आणि तिच्या हातून स्क्रू निसटू लागले.

आठवड्यानं तो तोंड पाडून आला. "मागची बॅटरी भरतच नाही हो, मिस्त्रीणबाई."

आपलं काम चुकलं? तिनं एकेक जोड तपासला, मीटर लावला. सगळं ठाकठीक.

"गाडी चालवता किती?"

"खोलीवरून इथवर. पाच मिनिटं."

"आणि आधी?"

"आधी नदीपलीकडे लावायचो. तासभर लागायचा."

"तरीच! एवढ्याशा फेरीत मागची भरणार कशी? इथं धंदा जास्त होतो का?"

"छे! तिकडच्या निम्माही नाही."

"मग इथं कशाला—"

तो खाली मान घालून उभा होता. तिला कळलं... आणि हेही कळलं, की खरं सांगितलं तर तो परत नदीपलीकडे जाणार. दोष रिलेवर ढकलून त्याला अजून चार दिवस अडकवता आलं असतं. पण खोटं तिच्या जिभेवर कधी टिकलंच नव्हतं.

"जुनीच जागा बरी," ती हळूच म्हणाली. "लांबच्या रस्त्यानं... बॅटरी भरेल."

"आणि मी?" तो बोलून गेला. "मी तर तुला बघायला येतो इथं!"

"अहो फुलवाले," उभ्या मोटारीखालून मिस्त्रींचा आवाज आला, "मी ऐकतोय बरं का! घरी कोण आहे तुमच्या?"

"आई... थोरल्या भावाकडे असते, नदीपलीकडे. ती म्हणते, आधी मुलीला विचार."

"विचारा की मग," मुलगीच म्हणाली, पदराला नाही, फडक्याला हात पुसत.

"करशील... लग्न माझ्याशी?"

"करीन. पण धंदा तिकडेच लावायचा हं. आणि संध्याकाळी गाडी इथं आणायची. तपासणार मी."

तो खुळ्यासारखा हसतच राहिला. तिनं व्हॅनचं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"चिमणे, निघालीस कुठं?" मिस्त्रींनी विचारलं.

"सासूबाईंना भेटायला, अण्णा! बॅटरी भरूनच येते."