आपलं आपण रांधायचं

बसा नीट. मनिष, तो मोबाईल पालथा घाल आधी. ऐकायचं तर अंधारात ऐका, नाहीतर घरी जाऊन झोपा. ही गोष्ट आमच्या हिरकणीची. नात्याची नव्हती, पण मला लेकीहून कमी नव्हती.

साल दोन हजार सतरा. अठरा नोव्हेंबर, शनिवार, अमावस्या. चिखल्याला समुद्राजवळ पीयूषशेठची चिकूवाडी, आणि वाडीत पाहुण्यांना भाड्याने द्यायचं घर. गॅस, भांडी, मागे तीन दगडांची चूल, सगळं मांडलेलं. स्वयंपाक पाहुण्यांनी आपला आपण करायचा. देखरेख माझ्याकडे. साफसफाईला हिरकणी, राहायची मागच्याच खोलीत. तिचा नवरा हाल्या पावसाळा सरताच गुजरातेत मासेमारीच्या बोटीवर गेलेला. आमच्याकडची किती पोरं जातात तशी. होळीला येतो म्हणाला होता, आणि ही वेडी दिवाळीपासूनच वाटेकडे डोळे लावून बसलेली.

हिची एक खोड होती. कुणी उपाशी दिसला की आपल्या ताटातलं वाढायची. पाहुण्यांचे ड्रायव्हर तर हक्काने येऊन बसत. शेठ माझ्यावर चिडले, मी तिच्यावर. वड्याचं तेल वांग्यावर. तिला बजावलं, "कुणी मागितलं तर सांगायचं, इथं जेवण मिळत नाही." तिने मान हलवली. मोठा शहाणा वाटलो होतो मी मला.

त्या रात्री सुरतेचे पाहुणे तलासरीला अडकले आणि साडेदहाला पोचले. मी हिरकणीला किल्ली देऊन पाठवलं. मोठी गाडी, नवरा-बायको, पेंगुळलेली मुलं. ती स्वयंपाकघरात बाईंना शेगडी लावून दाखवत होती. तेवढ्यात खिडकीबाहेरून कुणीतरी बोललं.

"भूक लागलीय... कायतरी दे."

आवाज बसलेला, घशात पाणी गेल्यासारखा. तिला वाटलं, ड्रायव्हर. तिने वळूनही पाहिलं नाही.

"इथं जेवान नाय. आपलां आपण रांधायचां. चूल मागं हाय."



मग, "बरां."

एवढंच.

हिरकणी खोलीत जाऊन आडवी झाली. झोप येईना. जीव राहीना म्हणून उठली. ओटीवर पाहुणे उभे होते. विचारलं, "ड्रायव्हर जेवला?"

"कौन ड्रायव्हर? गाडी तो मैं चलाता हूँ."

 तो आवाज... आता तिला ओळखू आला.

ती मागे धावली. चूल रिकामी. कुणी नाही. काळोख. समुद्र.

"हाल्या... ये... वाढतां..."

माझ्या घरापर्यंत हाक येत होती. मला वाटलं, कुणी प्यायलंय. मी कूस बदलली...

मंगळवारी फोन आला. शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला बोट उलटली. बाकीचे सापडले. हाल्या नाही.

पण ते मंगळवारी. हिरकणीला रविवारी पहाटेच कळलं होतं. मी गेलो तेव्हा ती चुलीपाशी बसलेली. चुलीवर टोप, टोपात पेज. अर्धी कुणी खाल्लेली. अर्धी सागाच्या पानाने झाकून ठेवलेली.

मी बोट लावून चाखली. चांगली ऊन होती. खारट. समुद्राच्या पाण्यात शिजवल्यासारखी.

"माझ्यासाठी ठेवलीय, काका," ती म्हणाली. "मी त्याला उपाशी हाकललां... तरी ठेवलीय."

आणि ती खाऊ लागली. तोंड न फिरवता, शेवटच्या शितापर्यंत. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार? शब्द तिच्या तोंडचे, पण ते माझे होते रे. आजही घास घेताना आठवतं, आणि रडू येतं.

तिचं झालं. मी टोप उचलायला गेलो, तर बोटं भाजली.

चुलीत हात घातला. राख थंड... दोन दिवसांची.