बेंगळूरचा कंट्रोलर

शेजारच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात जायचं सोडून तो चुकून नीलमच्या दारात उभा राहिला, हातात जळका बोर्ड घेऊन. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या त्या छोट्या वर्कशॉपात पॉवर सप्लाय बनवायचं काम कंग्राळीच्या नीलमकडे होतं. तो निपाणीकडचा जिनेंद्र. उसात रानडुकरं शिरत होती, पण जैनाच्या घरात जीव मारून कसं चालेल? म्हणून नुसता झटका देणारं कुंपण बनवायला तो स्वतःच निघाला होता.

"बारा व्होल्टच्या बॅटरीवरनं चारशे काढायचं हाय. तीन चिपा जाळल्या बघा."

"जळणारच की. स्विच पोटात असलेली चिप एवढा दाब सोसत न्हाय. स्विच बाहेर पायजे, आणि त्याला वळणावर ठेवणारा कंट्रोलर वेगळा."

"मग मलाबी वळणावर ठेवणारं कुणीतरी पायजे..." तो म्हणाला — आणि स्वतःच लाजला.

नीलमनं मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.

खरं सांगायचं तर तसा कंट्रोलर तिच्या कपाटात पडून होता. दोन दिवसांचं काम! पण ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, नेमका तसा कंट्रोलर बेंगळूरहून मागवावा लागेल, तीन आठवडे लागतील. वेडीच ती. तो पुन्हा यावा, एवढंच तिला हवं होतं.

आणि तो येत राहिला. कधी तांब्याची तार घेऊन, कधी नुसताच. दिवस मावळल्यावर जैनाला जेवण वर्ज्य, म्हणून त्याआधी घरी पोचायला चारला निघायचं ठरवायचा, आणि साडेचार वाजले तरी पाय निघत नसे. एकदा त्यापायी उपाशी झोपलो म्हणाला... नीलमला वाईट वाटायचं सोडून गोडच वाटलं.

तीन आठवड्यांनी बेंगळूरचा कंट्रोलर आला. मीटरवरचा आकडा चढत चढत चारशेवर ठरला. नीलमनं आनंदानं मागं पाहिलं, तर तो मीटरकडे बघतच नव्हता.

"परवा सुपारी फुटली माझी. चिकोडीची पोरगी हाय. आमच्या आप्पांनी बस्तीच्या देवळात देवापुढं शब्द दिलाय, आता माघार न्हाय." तो थांबला. "घरात रिकामटेकडा म्हणत्यात मला. मशीन चालवून दाखवावं आणि मग तुझं नाव सांगावं म्हटलं..."

नीलमला खरं लपवता आलं नाही.

"हे दोन दिसांत झालं असतं. कंट्रोलर हितंच होता. तुम्ही येत ऱ्हावं म्हणून... मीच उशीर केला."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं, डोळे भरून. मग बोर्ड कापडात गुंडाळला आणि दारापाशी थबकला.

"बिघडलं तर... येऊ न्हवं?"

"बिघडणार न्हाय," नीलम म्हणाली. "कंट्रोलर लई चांगला निवडलाय."

तो गेला. मग मात्र ती तिथंच टेबलावर डोकं टेकून रडली.