बन्सीमामाची बॅटरी

संगमनेरहून पहाटे निघायचं, नगरला एसटी बदलायची, जामखेडला पुन्हा बदलायची आणि खर्ड्याच्या अलीकडे फाट्यावर उतरायचं. एवढ्या प्रवासात माधुरीच्या मांडीवर जाळीचा गुंडाळा अन् पायाशी घडीची शिडी. कंडक्टरनं विचारलंच, "ताई, मासे धरायला निघालात व्हय? तिकडं पाणी कुठाय?"

"मासे नाही हो, वटवाघळं. आणि धरत नाही, निरोप देते."

कंडक्टर तिकीट देऊन जो पुढं गेला, तो जामखेड येईपर्यंत मागं काही आला नाही.

पण काम तिचं खरंच तसं होतं. घरात, शाळेत, गोदामात वटवाघळं शिरली की लोक धूर करतात, औषध मारतात. माधुरी तसलं काही करत नसे. संध्याकाळी ती कुठल्या फटीतून बाहेर पडतात ते बघायचं आणि त्या फटीवर जाळीचा पडदा सोडायचा, वर बांधलेला, खाली मोकळा. जाणारं वटवाघूळ जाळीखालून घसरून निघून जातं. येणाऱ्याला वाट सापडत नाही. दोन-तीन दिवसांत आत कुणी उरत नाही. मग भोक बुजवायचं.

फक्त आत पिलं नसावीत. हे ती फार वाईट पद्धतीनं शिकली होती. तिचं पहिलंच काम संगमनेरातल्या एका बंगल्यात होतं आणि पिलं बघायची राहून गेली. आया बाहेर जाळीवर धडका देत राहिल्या. आत छतात दोन रात्री चिवचिव चालली, तिसऱ्या रात्री थांबली. मालक खूश होऊन म्हणाले, "वा, घर कसं शांत झालं!" आणि हातात पेढ्यांचा पुडा दिला. तो पुडा तिनं वाटेत टाकून दिला. आज सहा वर्षं झाली, तिनं पेढ्याला हात लावलेला नाही.

फाट्यावरची ही जागा म्हणजे बंद पडलेली टॉकीज. मालक काकासाहेब, पन्नाशीचे, टॉकीजचं मंगल कार्यालय करायला निघालेले. पहिलं लग्न घरचंच, मुलीचं, बारा दिवसांवर. "मॅडम, परवा रंगारी येणार. तुमचं काय ते उद्यापर्यंत उरका," असं सांगून ते जीपमध्ये बसले. आत काही आले नाहीत.

आत नेलं ते सुमनबाईंनी. टॉकीजच्या मागं खोलीत एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या. नाव-गाव झालं, आडनाव झालं, मग म्हातारीनं हसून "जय भीम, पोरी" म्हटलं आणि कुलूप काढलं.

दुपारचे चार वाजले होते, पण आत अंधार कसा नुसता ओतून ठेवलेला. विष्ठेचा उग्र दर्प नाकाला झोंबत होता. खुर्च्यांच्या रांगा खाली उतरत गेलेल्या, समोर फाटका पडदा आणि वरून बारीक कुजबुज, पाकोळ्यांची, म्हणजे लहान वटवाघळांची. माधुरीला त्या आवाजाची सवय होती. सवय नव्हती ती दुसऱ्या गोष्टीची. खालच्या रांगांमधून बॅटरीचा एक पिवळा गोल हळूहळू सरकत होता. एक खुर्ची, दुसरी खुर्ची… प्रत्येकीच्या खाली वाकून बघावं तसा.

"आत कुणी आहे का, मावशी?"

"आमचे घरधनी," सुमनबाई म्हणाल्या. "डोरकीपर हुते हितं. बघत्यात."

"काय बघतात?"

"कुनी राहिलंय का ते. एकदा खेळ सुटल्यावर एक पोरगं खुर्चीखाली झोपलेलं राहिलं, ह्यांनी भाईर कुलूप घातलं. सकाळी काढलं तवा पोराची वाचाच गेल्ती. चार दिवस बोललं न्हाई. तवापासनं ह्यांनी खुर्चीन् खुर्ची बघितल्याबिगर कुलूप लावलं न्हाई."

"मग आता… त्यांना सांगा ना, मी काम करतेय म्हणून."

"सांगून काय उपेग?" सुमनबाईंनी पदर सारखा केला. "त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. हितंच, ह्याच दारात गेले. तू तुझं काम कर. ते कुनाला काय करत न्हाईत."

माधुरी एक पाऊल मागं सरकली. पळून जावं तर शिडी आत, जाळी आत. आणि खरं सांगायचं तर आपली भीती एका म्हातारीला दिसावी याची तिला लाज वाटली. ती हळूहळू भिंतीच्या कडेनं पुढं गेली. फटी तपासल्या, छत तपासलं. पिलं कुठं दिसेनात. वैशाख संपत आला होता. तिच्या हिशेबानं पिलं केव्हाच उडायला हवी होती. पडद्याच्या वर, मागच्या भिंतीत बाहेर जायचं एकच भोक होतं. तिनं बाहेरून शिडी लावायचं ठरवलं आणि दाराकडं वळली.

बॅटरीचा गोल थांबला होता. खुर्च्यांवर नाही, वर. पडद्याच्या लाकडी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यावर तो खिळून राहिला होता.

"मावशी… ते तिकडं का दाखवतायत?"

माधुरीनं शिडी आतच लावली. एक एक पायरी चढताना मानेवर कुणाचा तरी श्वास लागल्यासारखा वाटत होता आणि विडीचा वास येत होता. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती. तिनं आत डोकावलं. अंगठ्याएवढी, पंख अजून नीट न फुटलेली अकरा पिलं एकमेकांना बिलगून बसली होती.

आज जाळी लागली असती तर? तिला शिडीवरच रडू फुटलं. "मामा," ती कुजबुजली, "फार उपकार झाले हो."

संध्याकाळी परत आलेले काकासाहेब मात्र, पिलं उडेपर्यंत तीन आठवडे थांबावं लागेल हे ऐकून भडकले. "तीन आठवडे? वेड लागलंय का? पाखरांसाठी मी पोरीचं लग्न पुढं ढकलू? त्यापेक्षा औषधवाल्याला बोलावतो, तासात मोकळं!"

"मारा मग औषध," माधुरी म्हणाली. "पण एकदा आत येऊन बघा. अकरा लेकरं आहेत. बाहेरून बंद झाल्यावर आत काय होतं, ते मी ऐकलंय."

काकासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते दाराशी आले, उंबऱ्यावर थांबले. आत गोल सरकत सरकत आला, सातव्या रांगेतल्या एका खुर्चीखाली थांबला आणि तिथंच राहिला.

"तीच…" काकासाहेब पुटपुटले. "त्याच खुर्चीखाली… बन्सीमामा, मी आहे. मी बाहेर आहे, मामा. केव्हाचा बाहेर आहे."

गोल विझला. मग तो दांडगा माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाला, "मला वडिलांनी बाहेर काढलं, पण कुलूप घातल्याचं दुःख मामांनी जन्मभर धरलं. मी कधी एका शब्दानं म्हणालो नाही, की मामा, जाऊ द्या. मॅडम, लग्न जामखेडला करतो. लेकरांना मोठं होऊ द्या."

तीन आठवड्यांनी माधुरी पुन्हा आली आणि जाळी सोडली. पहिल्या संध्याकाळी पाकोळ्या भराभर गेल्या. शिडीवर मोबाईल बांधून ती सगळं टिपत होती; खालून तिला संधिप्रकाशात नुसते पंख दिसत होते. दुसऱ्या दिवशी सहा गेल्या. मग सलग तीन संध्याकाळी एकही नाही. आत बॅटरीसुद्धा दिसली नाही. त्यानंतरच्या सकाळी तिनं भोक विटा-सिमेंटनं पक्कं बुजवलं. सुमनबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. काकासाहेब फाट्यापर्यंत सोडायला आले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

एसटीत खिडकीशी बसून माधुरीनं पहिल्या संध्याकाळचं चित्रण उघडलं. मन कसं भरून आलं होतं. मोठ्या पाकोळ्या गेल्या, मग पिलं आली. नवखी ती, जाळीत अडकून धडपडू लागली. तेवढ्यात जाळीची खालची कड उचलली गेली. वारा नव्हता. कड एका जागी चुरगळून वर गेली आणि तशीच धरलेली राहिली. एक पिलू गेलं, दुसरं, तिसरं… अकरा. मग कड अलगद खाली आली, सारखी झाली.

जाळी आतल्या बाजूनं धरलेली होती.

माधुरीच्या नखांत अजून सिमेंट होतं. तिनं सुमनबाईंना फोन लावला.

"मावशी… आत…"

"व्हय, पोरी." पलीकडून म्हातारीचा आवाज अगदी बारीक आला. "मी आत्ता दार उघडून बघितलं. हाका मारल्या. कुनी न्हाई. पन तू बुजवलंस ना, तिथनं… वाजतंय. दमानं वाजवत्यात. घाई न्हाई त्यांना."

माधुरी उठली. "मास्तर," ती कंडक्टरला म्हणाली, "गाडी थांबवा. आत कुणी राहिलंय. मला परत जायचंय."