काळ्या फियाटमधला सूर्य

डोळ्यांच्या दवाखान्याच्या अंगणात एक तरुण आमच्या गाडीच्या बॉनेटवर ओणवा झाला होता. भर दुपार, डोक्यावर ऊन... आणि हा गृहस्थ नाक टेकेल इतका वाकून गाडीत काहीतरी शोधत होता.

मी पायरीवरच थांबले. माणूस जोखायला मला फार वेळ लागत नाही. चपला, खिशातलं पेन आणि भांग – एवढ्यावर माझी बेरीज होते. चपला झिजलेल्या, पेनं दोन, भांग नाहीच. म्हणजे मास्तर.

"काय ओ पावणं, इकत घ्यायची हाय का?"

तो दचकला नाही. त्यानं वरसुद्धा बघितलं नाही.

"ही गाडी कोण पुसतंय?"

"का?"

"जो कोण पुसतोय, त्याचा हिच्यावर लई जीव हाय." मग जरा थांबून, खालच्या आवाजात – "आणि त्यानंच हिची वाट लावलीय."

माझं डोकं तापलं. कारण ती गाडी आप्पा पुसायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील, भाऊसो. सगळी नोकरी सरकारी ड्रायव्हर म्हणून साहेबांच्या पांढऱ्या अँबॅसॅडरवर काढली. निवृत्त झाल्यावर जुनी फियाट घेतली, आणि मुद्दाम काळी घेतली. "पांढरी सायबाची. काळी आपली," म्हणायचे. त्यांनीच मला गाडी शिकवली. नजर अधू झाली तसं स्टिअरिंग माझ्या हातात दिलं; पुसायचं फडकं मात्र कुणाला दिलं नाही. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि आत ते डोळ्याला पट्टी बांधून पडले होते.

"हिकडं या," तो म्हणाला. "सूर्य बघा."

"वर?"

"गाडीत."

भांडायचं ठरवूनच मी वाकले... आणि भांडण विसरले. बॉनेटच्या काळ्या रंगात सूर्य होता आणि त्याच्याभोवती भलंमोठं कोळ्याचं जाळं. बारीक, रुपेरी, गोल गोल. मी एक पाऊल सरकले तर जाळंही सरकलं. मागं आले, तेही मागं आलं. सूर्याला धरून चालत होतं ते. इतकी वर्षं ही गाडी चालवत होते, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

"हे ओरखडे गोल न्हाईत," तो म्हणाला. वर्गात शिकवावं तसा, पण आवाज देवळात बोलावा तसा. "सगळ्या गाडीवर वाकडेतिकडे पसरल्यात. उजेड पडतो तिथले तेवढेच चमकतात, म्हणून जाळं वाटतं. सुक्या फडक्यानं धूळ घासली की व्हतंय असं. पांढऱ्या गाडीवर जन्मभर कळायचं न्हाई."

पांढऱ्या गाडीवर... आप्पांनी तर सगळी नोकरी पांढरीच पुसली होती.

आम्ही कसबा बावड्यात राहतो. ऊसतोडीच्या दिवसांत शेतात पाचट पेटवलं की काळी राख उडत येते आणि अंगणभर बसते. आप्पा रोज सकाळी जुन्या धोतराचं सुकं फडकं घेऊन गाडी चोळायचे – म्हैस चोळावी तशी, बोलत बोलत. शेवटी फडकं झटकायचे आणि म्हणायचे, "आरसा झाला बघ." त्यांच्या नजरेला तो आरसाच दिसायचा. आता डॉक्टर त्यांना नवी नजर देणार होते. डोळ्यावरची हिरवी झापड निघाली की आप्पा सगळ्यांत आधी काय बघायला धावणार, हे आमच्या मांजरालाही ठाऊक होतं. आणि आपल्या हातांनी काय केलंय हे एकदा दिसलं, की ते हात पुन्हा गाडीला लागणार नव्हते.

"जातं का हे?" मी विचारलं.

"जातं की. मी फटफटीची टाकी केलीय माझ्या, येझदीची."

"आणि?"

"आणि काय? टाकी."

"एकच टाकी."

"पण काळी हुती."

त्याचं नाव बुद्धभूषण. मलकापूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. त्याच्या आजीचं, शेवंताबाईंचं, ऑपरेशनही त्याच दिवशी झालं होतं. तिचा डोळा उघडेपर्यंत दोघं आमच्या मागच्याच गल्लीत, त्याच्या आत्याकडे राहणार होते. म्हणजे आप्पांची झापड आणि याचा मुक्काम एकाच दिवशी सुटणार होता. हे मी उगाच लक्षात ठेवलं.

आप्पांना डॉक्टरांनी उजेड वर्ज्य केला होता. पडदे ओढून आतल्या खोलीत बसायचं, बाहेर पाऊल नाही. गाडी घराच्या बाजूला उभी – तोंड गल्लीकडे, डिकी घराकडे. आईला आम्ही सगळं सांगितलं. तिनं ट्रंकेतून आप्पांच्या मऊ झालेल्या जुन्या बनियनांचा गठ्ठा काढून भूषणच्या पुढ्यात ठेवला.

पहिल्या दिवशी त्यानं गाडी धुतली, टूथपेस्ट काढली आणि मोठ्या आत्मविश्वासानं उजव्या दारावर कामाला लागला. थोड्या वेळानं दारावर पांढुरका चंद्र उगवला.

"येझदीला असं झालं न्हवतं," तो म्हणाला.

"येझदीला दार नसतं, मास्तर."

तो हसला. मग सरळ म्हणाला, "मला येत न्हाई हे. विचारून येतो." आणि उद्यमनगरात जाऊन रंगाच्या दुकानदाराला सगळं विचारून, रबिंग पेस्टचा डबा आणि वॅक्स घेऊन आला. येत नाही ते येत नाही म्हणणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते. मनातल्या मनात त्याच्या नावावर काहीतरी जमा केलं... बारीकसंच.

मग त्याचं काम बघण्यासारखं झालं. बनियनच्या तुकड्यावर चिमूटभर पेस्ट. वीतभर जागा. आधी आडवं, मग उभं – गोल कधीच नाही. फडकं काळं होत जायचं आणि रंग आतून वर यायचा. चंद्र गेला. मी गाडी ढकलायला हात लावला, दार उन्हात आणलं, आणि दोघं एकदम वाकलो.

विहिरीत डोकवावं तसं झालं. काळं, खोल, तळ नसलेलं... आणि त्यात एक सूर्य. नुसता सूर्य. जाळं वीतभर जागेपुरतं कुठं गेलं कोण जाणे. त्याचा श्वास लागून त्या काळ्यावर वाफ धरली, आणि हळूहळू विरून गेली.

"सावकाश," मी उगाचच म्हणाले.

"व्हय," तोही उगाचच म्हणाला.

आतून आप्पांचा आवाज आला. "कोण काय घासतंय गं?"

"पातेलं," आई म्हणाली.

"एवढं मोठं पातेलं?"

"लग्नातलं हाय."

आप्पा गप्प झाले. ते गप्प होणं मला काही पसंत पडलं नाही.

त्यानंतर मी गॅलरीत बसायला लागले. तांदूळ निवडायला. त्या दिवसांत आमच्या भातात एकही खडा लागला नाही. खाली भूषण, वर मी, आणि माझा हिशेब चालू – किती वेळा घाम पुसला, कितीदा आपल्याशीच बोलला, पाणी मागताना आईला "काकू" कसं म्हणाला. त्याला काही पत्ता नाही, याची मला मोठी मौज वाटायची. एकच गोष्ट माझ्या बेरजेत बसत नव्हती. गडी डिकीवर फार वेळ घालवायचा. बॉनेट झालं, दारं झाली, टप झाला, तरी फिरून डिकीशीच. म्हटलं, मास्तर हुशार आहे पण हात जड आहे.

एकदा त्यानं खालून हाक मारली. "जरा तुमचं नख द्या."

"काय?"

"माझी चावून संपल्यात."

मी खाली गेले. त्यानं माझं बोट धरलं – दोन बोटांनी, खडू धरावा तसं – आणि एका ओरखड्यावरून आडवं ओढलं. "अडकतंय?"

"नाही."

"मग जाईल." दुसरा ओरखडा. "हे?"

"नाही."

खरं तर त्या वेळी नखाला काय लागत होतं ते मला सांगता आलं नसतं. ड्रायव्हरच्या दाराशी, किल्लीच्या भोकाजवळ मात्र नख खटकन थांबलं.

"अडकलं," मी म्हणाले.

त्यानं पाण्याचा पॉलिश पेपर उचलला. मी त्याचं मनगट धरलं.

"हा राहू दे. आप्पांना भोक दिसायचं नाही ना... ते ह्या चरीवरून अंगठा न्यायचे, मग किल्ली घालायचे."

त्यानं पेपर खाली ठेवला. दाराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मनगट अजून माझ्याच हातात होतं, हे आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

तपासणीच्या आदल्या दुपारी गाडी पूर्ण झाली. वॅक्स झालं. सकाळी आजीचा डोळा दाखवला की तो परस्पर मलकापूरची एसटी धरणार होता. आणि आता, शेवटच्या दुपारी, हा पुन्हा डिकीशी बसलेला. मला राहवलं नाही. सूप ठेवून खाली उतरले.

"डिकी कवाच झालीय. रंग काढणार का तिचा?"

"घासत न्हाई. नुसतं फडकं फिरवतोय."

"का पण?"

तो उठला. "बसा इथं. माझ्या जागी."

मी उकिडवी बसले, आणि समोर बघितलं.

डिकीत आमचं घर होतं. पायऱ्या, जास्वंद, वर गॅलरी. गॅलरीच्या कठड्यावर मी आत्ता ठेवलेलं सूप. दोरीवर माझी पिवळी ओढणी. मी बसायचे ते स्टूल... सगळं काळ्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखं, एक रेघसुद्धा न हलता. मी वरून त्याला बघत होते, तेव्हा तो पाठमोरा बसून मलाच बघत होता.

माझे कान तापले. "कधीपासून?"

"पहिल्यांदा नुसती सावली हलायची," तो मागून म्हणाला. "मग ओढणीचा रंग कळाय लागला. मग एक दिवस तू हसलीस, ते दिसलं. का हसलीस ते ठाऊक न्हाई."

"पाठीला पेस्ट लागली होती तुमच्या."

"असंल." तो थांबला. "म्हटलं, अजून जरा हात मारला तर..."

"तर काय?"

"तर डोळे दिसतील."

डिकीत माझ्या चेहऱ्याच्या मागं त्याचा चेहरा आला होता. मी वळले नाही. वळायची गरज नव्हती.

"दिसले?"

"आत्ता दिसले."

मग तो म्हणाला, "मलकापूर काय लांब न्हाई. पण तिथं डिकी न्हाई."

"येझदीची टाकी आहे की."

"तिच्यात नुसतं मलकापूर दिसतंय." त्यानं फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "आप्पांना विचारू?"

"आधी आप्पांना गाडी बघू दे," मी म्हणाले. "ते सहन झालं त्यांना, तर पुढचं."

सकाळी आप्पांना त्याच गाडीतून नेलं. डोळ्यावर हिरवी झापड, शेजारी बसून नुसतं इंजिन ऐकत होते. दवाखान्यात मी गाडी मुद्दाम त्याच जागी लावली. तपासणी होईतो ऊन डोक्यावर आलं.

आप्पा काळा चष्मा लावून बाहेर आले. पायऱ्यांवर माझा हात धरला होता. अंगणात येताच सोडला. भूषण आजीला घेऊन कडेला उभा होता. आप्पांनी आजीला "जयभीम" घातला आणि सरळ गाडीपुढं जाऊन थांबले. चष्मा काढला. आई "अहो –" एवढंच म्हणाली.

ते वाकले. मीही त्यांच्या खांद्यामागून बघितलं. बॉनेटमध्ये सूर्य होता, टिकलीएवढा. भोवती काही नाही, नुसतं काळं. त्या काळ्यात खोल कुठंतरी दोन घारी फिरत होत्या, आणि आप्पा त्यांच्याबरोबर हळूहळू मान फिरवत होते.

मग ते दाराशी गेले. अंगठा आपोआप त्या चरीवर गेला आणि तिथंच थांबला.

"ही ठेवली व्हय?"

"होय आप्पा."

त्यांनी तळहात बॉनेटकडे नेला... आणि मध्येच मागं घेतला. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण तेवढ्यात त्यांना सगळं समजलं होतं. माझी 'मास्तर' हाक त्यांनी आतून ऐकलेली असणार; त्यांनी भूषणकडे बघितलं.

"मास्तर, आता हिला पुसायची कशानं?"

"आधी पाणी मारायचं. मग ओलं मऊ फडकं," भूषण म्हणाला. "सुकं न्हाई."

"म्हंजे चूक फडक्याची हुती."

"फडक्याचीच."

आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. "खोटं बोलाय येत न्हाई ह्याला," आईला म्हणाले. "बरं हाय." आणि तळहात बॉनेटवर ठेवला. अलगद, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "पातेलं बाकी झकास घासलंस."

आईनं पदर तोंडाला लावला. शेवंताबाई आपल्या नव्या डोळ्यानं नातवाचा हात उलटासुलटा करत होत्या. "नखं कशी रं वाढली तुझी? चावायची सोडलास व्हय?"

"पेस्टचा वास येतोय, आजी," तो म्हणाला. आणि आजीच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं.

आप्पा पुन्हा बॉनेटवर वाकले होते, आमच्याकडे पाठ करून. म्हणून मीही त्याच्याकडे बघितलं. चोरून, खालमानेनं, जरासं.

"संघप्रिया," आप्पा न वळता म्हणाले.

"काय, आप्पा?"

"त्याच्याकडं बघायचं तर मान वर करून बघ. हितनं मला सगळं दिसतंय."

मी मान वर केली.