सव्वीस जणांचा बाक

गुणवंतराव रामटेकेंना कोणी विचारलं, की तुम्ही नेमकं काय बनवता, तर ते खुर्ची-टेबल असलं काही सांगत नसत. "मी माणसं बसवतो," म्हणत. मूल गावी सुतारकाम शिकवणारा माणूस. जिभेलाही थोडी धार असायचीच. गावात भांडणं होतात ती माणसं वाईट म्हणून नव्हे, बसायची सोय वाईट म्हणून, असं त्यांचं ठाम मत. लोक हसायचे. पण चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात धानोऱ्याकडच्या जंगलातून, कोहकाटोल्याहून, त्यांना गावबैठकीचा बाक बनवायला खरंच बोलावणं आलं.

कोहकाटोल्यात टोले, म्हणजे वस्त्या, दोन, मध्ये नाला. सहा वर्षांपूर्वी मोहाच्या झाडांच्या वाटणीवरून भर बैठकीत जुंपली, आणि तेव्हापासून दोन्हीकडचे एकत्र बसले नव्हते. तिथली रीत अशी, की बैठक मोडली तर ती पुन्हा बसेपर्यंत कोणी कोणाच्या टोल्यात पाय ठेवायचा नाही. गुणवंतरावांना जेवू घालणारी नीलाबाई वरच्या टोल्यातली. तिची एकुलती एक लेक सुकरी खालच्या टोल्यात दिलेली. नात तीन वर्षांची झाली होती, आणि नीलाबाईने तिला पाहिलं होतं ते नाल्याच्या या काठावरून.

"भाऊ," भात वाढता वाढता ती म्हणाली, "बाक असा बनवजा का मले पोरीच्या बाजूले बसता आलं पाह्यजे. मंग बाकी काई बी होवो."

गुणवंतरावांनी मान डोलावली. त्यांचीही लेक राजुऱ्याला दिलेली. ती सणाला आली नाही, की यांना गोड लागत नसे.

पण पहिल्याच दिवशी त्यांनी माती खाल्ली. नाल्याकाठच्या मोहाभोवती गोल बाक करायचा, असा आराखडा त्यांनी काठीने जमिनीवर काढला. म्हातारा झिंगू, ज्याचा शब्द अजून दोन्ही टोले मानत, बुंध्याला पाठ लावून तिथे उकिडवा बसला आणि खो खो हसत सुटला.

"भाऊ, एकमेकाले पाठ दाखवाले बाक कायले पाह्यजे? ते तं आमी सहा वर्स घरी बसूनच करून राह्यलो!"

हात्तिच्या! गुणवंतराव खजील झाले. तिथल्या तिथे आराखडा पुसला. आता बाक घोड्याच्या नालेसारखा, सगळ्यांची तोंडं आत.

जुन्या बैठकीचे ओंडके जवळच पडले होते. बसून बसून त्यांवर गुळगुळीत खळगे पडलेले. गुणवंतरावांनी ते बोटाने चाचपून मोजले. सत्तावीस भरले. घरं सव्वीस, आणि घरामागे एकानेच बसायची रीत.

"पयले एक घर जास्त होतं काय, झिंगूभाऊ?"

"नाई. सव्वीसच." झिंगू चिलीम शोधायला लागला.

असेल कोणीतरी जागा बदलून बसणारा, असं म्हणून गुणवंतरावांनी तो विषय सोडला. रिकामी जागा हीच त्यांच्या मते खरी व्याधी. जागा उरली की माणूस सरकतो, सरकला की दुरावतो. म्हणून त्यांनी बाक मोजून सव्वीस जणांचाच केला, माणशी दीड हात, तसूभर जास्त नाही. खांद्याला खांदा लागलाच पाहिजे!

बारा दिवसांत सागाचा बाक उभा राहिला. बैठकीआधी कोणी बसायचं नाही, असं झिंगूने बजावलं, आणि पोराटोरांनीसुद्धा ते पाळलं.

त्यानंतर चौथ्या दुपारी गुणवंतराव फळ्यांवरून हात फिरवत होते. रंधा मारलेल्या लाकडावर बारीक लव राहते. ती सगळीकडे होती, फक्त एका ठिकाणी नव्हती. तिथे फळी आरशासारखी गुळगुळीत, आणि पुढची कड, उठताना माणूस जिथे हात टेकतो तिथे, काळपट तुळतुळीत झालेली. दहा-वीस वर्षं वापरल्यावर सागाला असा रंग येतो. त्यांनी टेप लावला. रुंदी बरोबर दीड हात.

बाक सावलीत होता. ती जागा कोमट लागली.

भीती राहिली बाजूला, त्यांना नवल वाटलं. रोज दुपारी ते जाऊन बघत. नीलाबाईला सांगितलं, तर तिचा हात थांबला.

"मोजून काऊन राह्यले, भाऊ? मोजू नोका."

बैठकीच्या दिवशी दोन्ही टोले आले. नवरा बांबू तोडायला गेलेला, म्हणून घराच्या वतीने सुकरी आली होती, लेकीला मांडीवर घेऊन. तिने शेजारची जागा, नेमकी ती गुळगुळीत झालेली, हात ठेवून राखली. एकेक करत पंचवीस जण बसले. नीलाबाई शेवटी आली. ती त्या जागेपाशी वाकली, आणि तशीच थबकली.

"इथी बसलं हाये कोनी," ती म्हणाली.

तिथे कोणी नव्हतं. हसलंही कोणी नाही.

गुणवंतरावांनी फळीकडे पाहिलं. ती बोटभर लवली होती.

"जुने ओंडके सत्तावीस जनाचे होते, भाऊ," झिंगू हळूच म्हणाला. "तुमी घरं मोजले. सत्ताविसाव्याले घर नाई."

एकजण जरी उभा राहिला, तरी ती बैठक नव्हे. वरच्या टोल्याच्या दोघांनी उठायला गुडघ्यांवर हात टेकले. सहा वर्षं त्या दीड हातात अडकली होती, आणि तो दीड हात गुणवंतरावांनीच कमी केला होता.

सुकरी रिकाम्या जागेकडे झुकली. गोंडीत काहीतरी बोलली, वडीलधाऱ्याला विनंती करावी तसं.

फळी करकरली.

सरळ झाली.

नीलाबाई बसली.

खांद्याला खांदा लागला. नात आजीच्या मांडीवर सरकली, आणि नीलाबाईने जो हंबरडा फोडला, त्याने दोन्ही टोले रडले. गुणवंतरावही रडले, लाजले नाहीत. भोपळ्याच्या एकाच तुंब्यातलं पाणी सगळ्यांत फिरलं.

"झिंगूभाऊ, उद्याच एक फळी जोडून देतो."

"आता नोको. बसलेली बैठक हलवाची नाई." झिंगूने त्यांच्याकडे, मग त्यांच्या मागे पाहिलं. "सांभाळून जाजा."

उतरत्या उन्हात गुणवंतराव सायकलवर निघाले. अवजारांची पेटी गाडीवानाकडे दिलेली, मागचं कॅरिअर मोकळं. तरी पायडल जड जात होतं. वाटलं, चाक पंक्चर असेल. थांबून दाबून पाहिलं. हवा भरपूर होती.

पुढे चढ लागला. ते खाली उतरले. क्षणभराने कॅरिअर करकरलं, आणि सायकल एकदम हलकी झाली. चढ आला की मागे बसलेला जसा मुकाट्याने उतरतो, तशी.

वर पोचेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सपाटीला लागल्यावर सीटवर बसले, एक पाय जमिनीला टेकवला, आणि कॅरिअर पुन्हा करकरेपर्यंत थांबले.