छातीच्या उंचीवर

तिनं आधी त्याचा हात पाहिला, मग आवाज ऐकला. चेहरा बराच नंतर.

मध्ये झाड होतं. दोघांच्या कवेत जेमतेम मावेल असं जुनं, धिप्पाड झाड, भिजून काळं पडलेलं. त्याच्या पलीकडून एक हात चाचपडत पुढे आला. चिमटीत मोजपट्टीचं टोक होतं.

"अरे, धर ना," झाडामागून आवाज आला. "किती वेळ मिठी मारून उभा राहू? लोक काय म्हणतील."

लोक म्हणजे ती एकटीच होती. मुख्यालयाची जीप खाली ओढ्यात रुतली होती, आणि ड्रायव्हरला चाकाशी झटू देऊन ती पायवाटेनं वर आली होती. तिनं पुढे होऊन टोक धरलं. बोटांना बोटं लागली... ओली, गार, आणि क्षणभर बिचकलेली.

"धरलं," ती म्हणाली.

टेप पलीकडून एकदम सैल पडली.

"आमच्या तुकडीत बाई नाही," आवाज आता जरा जपून म्हणाला.

"मग झाडच बोलत असेल."

"असं होय. वय काय म्हणायचं आपलं?"

"झाडांना वय विचारत नाहीत. घेर विचारतात."

"तोही विचारायची हिंमत लागते," म्हणत तो झाडाला वळसा घालून आला. दाढी वाढलेली, टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकतंय, आणि डोळ्यांत हसू मावत नाहीये. तो तिच्यापेक्षा दोन बोटं बुटका होता. ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो एका मुळावर चढून उभा राहिला.

"जरा खाली घ्या टेप," तो म्हणाला.

"छातीच्या उंचीवर धरायची ना?"

"हो, पण ज्याच्या त्याच्या नाही. सरकारची छाती. सगळ्या देशात एकच, जमिनीपासून एक मीटर तीस." त्यानं हातातली खुणेची काठी खोडाला टेकवली. "देवानं माणसं वेगवेगळ्या उंचीची केली, म्हणून ही काठी."

ती कोण, हे त्याला जीप वर आल्यावर कळलं. उपग्रहाची छायाचित्रं बघून जंगल कुठं होतं आणि कुठं उरलं नाही, हे ठरवणारी मुख्यालयातली नकाशेवाली. तो या डोंगरांतला मोजणीदार. दोघांनी वर्षभर एकमेकांना कोरडी पत्रं लिहिली होती. 'बिंदू क्र. ३१८ येथे जंगल दिसत नाही, खुलासा करावा,' हे तिचं. 'बिंदू क्र. ३१८ येथे जंगलात उभा राहूनच हे लिहीत आहे,' हे त्याचं.

"ते पत्र तुमचं होतं?" ती म्हणाली.

"फ्रेम करून लावलंत की फाडलंत?"

"फाईलला लावलं." तिनं सांगितलं नाही की त्या दिवशी ती ऑफिसात एकटीच खुदकन हसली होती.

काम मोठं होतं. देशात गेल्या दहा वर्षांत दरवर्षी किती जंगल तुटलं आणि त्यातून किती कार्बन हवेत गेला, त्याची एक सरासरी ठरवायची होती. तिला म्हणायचं आधाररेषा. पुढं तोडणी कमी झाली की वाढली, हे त्या रेषेवरून जगाला सांगायचं. तिच्या नकाशांवरून कळे, जंगल किती गेलं. त्याच्या टेपवरून कळे, त्या जंगलात किती लाकूड होतं. एकाशिवाय दुसरं फुकट.

"म्हणजे वजन कमी करायच्या आधी काट्यावर उभं राहायचं," दुपारी चौकीच्या पडवीत चहा ओतताना तो म्हणाला.

"अगदी. आणि आदल्या दिवशी पोट फुटेस्तोवर जेवून नाही उभं राहायचं."

"कोणी तसं करतं?"

"सगळ्यांनाच मोह होतो. आधी आकडा फुगवला की नंतर न करताच बारीक झाल्यासारखं दिसतं."

तो हसला. मग कपाटातून एक जुनी वही काढून तिच्यापुढे टाकली. "मग हा उलटा गडी बघा. तुकडी चार. सहा वर्षांपूर्वी यानंच हे बहात्तर प्लॉट मोजले." प्लॉट म्हणजे जंगलात आखून ठेवलेले नमुन्याचे चौकोन, त्यातलं प्रत्येक झाड दर काही वर्षांनी मोजायचं. "आम्ही आता तीच झाडं मोजतोय, तर प्रत्येक झाड भलतंच सुटलंय. सहा वर्षांत चार-पाच सेंटिमीटर घेर वाढावा, तर इथं आठ, नऊ. आणि कहर म्हणजे तेव्हाच वठलेली खोडं. मेलेलं झाड, मॅडम, तेही तीन सेंटिमीटरनं जाड झालंय. हा कोण उंटावरचा शहाणा टेप घेऊन फिरत होता, देव जाणे."

तिनं वही उघडली. सरळ, बारीक, उजवीकडे किंचित कललेलं अक्षर. पाच या आकड्याची शेपटी लांब.

"माझे बाबा," ती म्हणाली.

चहा कपाबाहेर गेला.

"मी... मला... तुमचे बाबा कुठं..."

"गेल्या वर्षी गेले."

त्यानं टोपी काढली, ती कुठं ठेवावी ते न कळून परत घातली. मग त्यानं स्वतःच्या कपातला उरलेला चहा तिच्या कपात ओतला. ते इतकं वेडगळ होतं की तिला रागावताच येईना.

ती वहीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायची. मला टेप धरायला द्यायचे. म्हणायचे, शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी धर, म्हणजे कधी चुकायची नाहीस."

"किती उंच होते?"

"सहा फूट दोन इंच. ऑफिसात ताडसाहेब म्हणायचे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काठी नाही. बटण. बाबा सगळी झाडं स्वतःच्या छातीच्या उंचीवर मोजत आले होते, सरकारच्या नाही. खोड वर निमुळतं होतं, म्हणून प्रत्येक घेर थोडा कमी लागला होता. बहात्तर प्लॉटांतला एकूण एक.

पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजू लागला. तिला नियम पाठ होता, कारण तो तिनंच टाईप केला होता: एखाद्या तुकडीची मोजणी सदोष आढळली तर तिचे सर्व प्लॉट वगळावेत. बाबांची या डोंगरातली चार वर्षं, पायाचं मोडलेलं हाड, चुकलेले तिचे वाढदिवस, सगळं वगळावं. आणि देशातलं सगळ्यात दाट जंगल इथलंच. ते वगळलं तर रेषा आणखी खोटी. आधाररेषा मंजूर करणाऱ्या समितीची बैठक तीन आठवड्यांवर होती.

"मी ही वही पाहिलीच नाही, असं होऊ शकतं," तो म्हणाला. डोळे कपात.

"नाही होऊ शकत."

"मला वाटलंच, तुम्ही हेच म्हणाल." त्यानं कप खाली ठेवला. "मी विचारलं नसतं तर मात्र मला झोप लागली नसती."

आणि थोड्या वेळानं, पाऊस ऐकत: "वठलेली झाडं वाढत नाहीत."

"म्हणजे?"

"जिवंत झाडाचं सांगता येत नाही, चूक किती आणि वाढ किती. पण मेलेलं खोड सहा वर्षांपूर्वी जेवढं होतं तेवढंच आज आहे. तुमचे बाबा दर वेळी एकाच उंचीवर मोजत असतील, तर त्या उंचीला आपली टेप लावल्यावर वहीतलाच आकडा आला पाहिजे. प्रत्येक खोडाला. तसं झालं तर ती गफलत नाही, नुसता फरक. आणि फरक दुरुस्त करता येतो." त्यानं वर पाहिलं. "फक्त ती उंची आधी कळायला हवी. खोडांवरून मागाहून शोधली तर समिती म्हणेल, हवं ते उत्तर शोधलंत."

दोन दिवसांनी ती घरी पोचली. आई खिडकीशी बसून उसवलेली उशी शिवत होती. तिनं सगळं सांगितलं आणि बाबांचा एखादा शर्ट मागितला. आईनं सुई थांबवली नाही.

"शर्ट घेऊन काय करशील," आई म्हणाली. "शर्टाला पाय असतात का?"

"मग?"

"उठ. टेप आण." आई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली, अनवाणी, हनुवटी सरळ. "दौऱ्यावर निघताना इथंच, बूट घालून झाल्यावर, मला जवळ घ्यायचे. तू शाळेत असायचीस. ते मेलं दुसरं बटण बरोबर इथं टोचायचं." तिनं भुवयांच्या वर, कपाळाच्या मधोमध बोट ठेवलं. "एकवीस वर्षं. मी म्हणायची, अहो, एखादा शर्ट बिनबटणाचा शिवा."

ती गुडघ्यावर बसली, जमिनीपासून टेप वर नेली. हात हलू नये म्हणून श्वास रोखला. एक मीटर सत्तेचाळीस.

"आला का काही उपयोगाचा आकडा?" आईनं विचारलं, आणि बोट काही वेळ कपाळावरून काढलंच नाही.

आकडा तिनं त्याच दिवशी समितीला लेखी कळवला, खोडाला टेप लावायच्या आधी. मग डोंगरावर परत गेली.

पहिल्या वठलेल्या खोडाला त्यानं एक मीटर सत्तेचाळीसवर खडूची रेघ मारली. टेप फिरली. खोडामागे बोटं बोटांना भेटली आणि यावेळी बिचकली नाहीत.

"वाचा," ती म्हणाली. "माझ्याच्यानं होणार नाही."

"एकशे बारा पूर्णांक चार."

तिनं वही उघडली. बाबांच्या अक्षरात, लांब शेपटीचा पाच: ११२.५.

ती हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तो नुसता आपल्या जागी, टेपचं टोक धरून, तिचं होईपर्यंत उभा राहिला.

पुढचे नऊ दिवस दोघं वठलेली खोडं शोधत हिंडली. चिखल, जळवा, भिजलेली बिस्किटं. तो झाडांची लाडकी नावं ठेवी: हा मामलेदार, ही खाष्ट आत्या. ती त्याला आपले नकाशे दाखवी. आकाशातून त्याचा डोंगर कसा तळहातासारखा दिसतो ते. एकदा ओढा ओलांडताना त्यानं हात पुढं केला आणि पलीकडे गेल्यावर सोडायला विसरला. तिलाही आठवण करून द्यायचं सुचलं नाही. एकेचाळीस खोडं झाली. अडतीस अर्ध्या सेंटिमीटरच्या आत जुळली.

समितीची बैठक लांब टेबलाच्या खोलीत होती. पंखा घरघरत होता, बाराजण कागद चाळत होते. अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या.

"तुकडी चार," त्या म्हणाल्या. "मापनाची उंची १.४७. हा आकडा कुठून आला? अहवालात नुसतं 'घरगुती साक्ष' लिहिलंय."

तो तिच्याकडे बघत होता. ती उभी राहिली. गोलगोल बोलावं असं क्षणभर वाटलं... मग तिनं सरळ सांगून टाकलं. दार, बूट, बटण, कपाळ. बारा माणसांसमोर.

कुणीतरी खाकरलं. दुसऱ्यानं विचारलं, "हे अधिकृत कसं धरायचं?"

"एकवीस वर्षांची निरीक्षणं आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुमच्या विभागाचं एक तरी उपकरण इतकं चाललंय का? आणि टेप लावायच्या आधी कळवलंय, तारीख बघा. एकेचाळीस खोडांनी ते खरं करून दाखवलंय." त्यांनी पेन उचललं. "प्लॉट वगळू नयेत. दुरुस्तीसह घ्यावेत. रेषा त्यावर आखावी. पुढे चला."

बाहेर जिन्यात ती पायरीवर बसली. तो एक पायरी वर बसला. तिथून उंची बरोबर जुळत होती.

"मला एक कबुली द्यायची आहे," तो म्हणाला. "एकेचाळीस खोडांची गरज नव्हती. पंधरा पुरली असती."

"बारा," ती म्हणाली.

"काय?"

"बारा पुरली असती. मी तिसऱ्या दिवशीच हिशोब केला होता."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि त्या जळवा? तो पाऊस? सहा दिवस... तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"मला वाटलं, मोजून संपलं की तुम्ही जाल."

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली, "की मोजून संपलं की मला जावं लागेल."

जिन्यातून दोन कारकून फायली घेऊन वर गेले. दोघांनी त्यांना वाट दिली आणि पुन्हा बसले, आता एकाच पायरीवर.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "हे पुन्हा मोजून बघायची गरज नाही. बघितलंय मी. तेवढंच येतं."

तिनं त्याचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या हातानं फोन लावला.

"आई, प्लॉट राहिले. सगळे." मग जरा थांबून: "आणि जेवायला एकजण येतायत माझ्याबरोबर. साडेबारापर्यंत पोचतो."

"कोण गं?"

"डोंगरावरचे... सांगितलं होतं ना. झाडं मोजतात."

मग आईचा आवाज आला, आणि त्यात हसू होतं, वर्षभरात ऐकलं नव्हतं असं.

"झाडं मोजणारे साडेबारा म्हणतायत ना? तुझ्या बाबांचे साडेबारा म्हणजे दोन. मी दोनच धरते."

दोघं पोचली दोन वाजून दहा मिनिटांनी. त्या उशिराचा मात्र झाडांशी काही संबंध नव्हता.